आम्हाला आठवड्यातला एक तास द्या

गोव्यातल्या ज्या संस्था, आश्रयगृहं, वृद्धाश्रम, रुग्णालयं आणि सरकारी खाती समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना फिल्डवर्कसाठी घेतात, त्यांच्या प्रमुखांस,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली. समाजकार्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षापासून आठवड्याचे दोन दिवस मी तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी राहिले आहे. पहाटे वाळपईहून कदंब पकडायची, पणजीला बस बदलायची. पिशवीत कॉलेजचं पत्र, डायरी आणि हजेरीचा कागद. त्या कागदावर तुमची सही लागते. तास भरले की सही मिळते, सह्या पुऱ्या झाल्या की गुण मिळतात. या सहीबद्दलच मला तुमच्याशी बोलायचं आहे.

पहिल्या वर्षी मला ज्येष्ठांच्या एका निवासात पाठवलं होतं. नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या बाबतीत वेगवेगळ्या ठिकाणी घडलं आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या मॅडमनी छापील फॉर्मांचा गठ्ठा माझ्या हातात दिला, "प्रत्येकाचा भरून आण" म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या. फॉर्मवरचा चौथा प्रश्न होता, घरी कोण कोण आहे. खिडकीजवळच्या खाटेवर एक आजी बसली होती. तिला मी तो प्रश्न विचारला आणि ती रडायला लागली.

मी अठरा वर्षांची होते. समोरचं म्हातारं माणूस रडायला लागलं की काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं रडणं थांबावं म्हणून मी बोलून गेले, "आजी, मी तुमच्या मुलाला फोन करते." तिने उशाखालच्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर नंबर होता. त्याच संध्याकाळी पणजीच्या बसस्टँडवरून, माझ्याच फोनवरून मी तो लावला. पलीकडचा माणूस आधी गप्प राहिला. मग "तू कोण? तुला हा नंबर कुणी दिला?" असं त्याने ज्या आवाजात विचारलं, त्याने माझे हात कापायला लागले. मी फोन बंद केला.

हे सांगायचं कुणाला? संस्थेत माझ्याशी बोलायचं काम कुणाकडे नेमलेलंच नव्हतं. कॉलेजातल्या आमच्या बाईंकडे त्या वर्षी वीस-बावीस मुलं होती आणि त्यांची भेट महिन्यातून एकदा, तीही घोळक्यात. मी डायरीत लिहिलं, "आजींशी संवाद साधला. रॅपो तयार केला." रॅपो म्हणजे विश्वासाचं नातं. त्याखाली सही झाली.

आजी मात्र मंगळवारी आणि गुरुवारी दाराकडे तोंड करून बसायला लागली. मी दिसले की विचारायची, "पुताचो फोन आयलो गो?" दोन-तीनदा मी काहीतरी पुटपुटले. नंतर मी त्या खोलीकडे जाणंच टाळलं. दुसऱ्या मजल्यावरचे फॉर्म आधी भरायचे आहेत, असं स्वतःलाच सांगत राहिले. सेमिस्टर संपलं, निरोप न घेता मी तिथून निघाले. पुढच्या वर्षी परवानगी घेऊन एकदा तिला भेटायला गेले. तिने मला लगेच ओळखलं. तिचा पहिला प्रश्न तोच होता.

त्या आजीला दुखवलं ते मी. माझ्या वयाच्या मुलीने ते करू नये म्हणून कुणीतरी शेजारी असायला हवं होतं. मॅडमनी त्या दिवशी संध्याकाळी पंधरा मिनिटं जरी मला समोर बसवून "आज काय झालं?" एवढं विचारलं असतं, तरी मी फोन लावण्याआधी ते सांगून टाकलं असतं. मग कळलं असतं की मुलगा का येत नाही हे संस्थेला आधीपासून ठाऊक आहे, त्याच्याशी बोलायचं काम ठरावीक माणसाचं आहे, आणि आपल्या हातात नसलेल्या गोष्टीचा शब्द द्यायचा नसतो. शब्द देऊन झाला असेल तर परत जाऊन खरं काय ते सांगायचं असतं, हेही कळलं असतं. हे पुस्तकात आहे. परीक्षेत मी ते लिहून चांगले गुणही मिळवले होते.

आमच्या गावात जत्रेला नाटक होतं. दिवसभर काजूच्या बागेत राबलेला माणूस रात्री पायात मोजडी घालून राजा होतो. पण त्यालाही तालीम मास्तर लागतो. कुठे थांबायचं, कुणाकडे बघायचं, वाक्य कुठे टाकायचं, हे मास्तर महिनाभर रोज रात्री बसून सांगतो. पार्ट पाठ आहे म्हणून कुणाला सरळ रंगमंचावर ढकलत नाहीत. आम्हाला मात्र चार धडे शिकवून माणसांच्या घरात, त्यांच्या दुखण्यात ढकललं जातं. तिथे चुकलं तर पडदा पाडता येत नाही.

ही अपेक्षा मी नवीन काढलेली नाही. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात झाली ती १९३६ साली मुंबईत, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं तेव्हा. तेच पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. त्या शाळेचा जन्म नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये, म्हणजे वस्तीत काम करणाऱ्या एका केंद्रातच झाला. शिकणं आणि काम एका छपराखाली होतं, शिकवणारे आणि काम करणारे एकमेकांना रोज भेटत होते. अमेरिकेत समाजकार्याच्या पदवीला किमान ४०० तास आणि पदव्युत्तर पदवीला किमान ९०० तास फिल्डवर्क लागतं. आमच्याकडे तासांचं कौतुक फार, म्हणून हे आकडे वर्गात सगळ्यांना पाठ असतात. त्याच नियमातली दुसरी अट कुणी सांगत नाही: विद्यार्थ्याला मार्गदर्शन करणाऱ्याकडे समाजकार्याची पदवी आणि त्यानंतर निदान दोन वर्षांचा कामाचा अनुभव असला पाहिजे. आपल्या देशातही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मनोविकार क्षेत्रातला सामाजिक कार्यकर्ता कुणाला म्हणायचं हे लिहिताना नुसती पदवी पुरेशी धरलेली नाही. दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमात देखरेखीखाली घेतलेलं प्रशिक्षण त्या व्याख्येतच घातलं आहे. कायद्याला जे कळलं आहे, ते आमच्या हजेरीच्या कागदावर कधी उमटणार?

आता दुसऱ्या वर्षाबद्दल सांगते. तुमच्यातल्याच एका संस्थेने मला झुआरीनगरच्या वस्तीत काम दिलं होतं. तिथे ज्या बाई माझ्या सुपरवायझर होत्या, त्यांच्याकडे स्वतःच्या कामाचा डोंगर होता. कर्मचारी तीन आणि वस्ती केवढी मोठी. तरीही शनिवारी सकाळी दहा ते अकरा हा तास त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. फोन उलटा करून टेबलावर ठेवायच्या आणि माझं रेकॉर्डिंग, म्हणजे भेटींची मी लिहिलेली नोंद, पेन्सिल घेऊन वाचायच्या.

पहिल्या शनिवारी त्यांनी एका शब्दाखाली रेघ ओढली. मी लिहिलं होतं, "क्लाएंट अडाणी असल्याने तिला योजनेची माहिती नाही." त्यांनी विचारलं, "अडाणी हा शब्द तिचा की तुझा?" मी गप्प. "तिला तीन भाषा येतात. घरी लमाणी, बाजारात कन्नड, कामावर हिंदी. तुला किती येतात?" हे त्या चिडून बोलल्या नाहीत. मला मोजायला वेळ दिला. त्या दिवसापासून कुणाबद्दलही विशेषण लिहिताना माझा हात थांबतो.

पुढच्या एका शनिवारी दुसऱ्या वाक्याखाली रेघ. "ती गप्प बसली." किती वेळ? तू तेव्हा काय केलंस? कुठे बघत होतीस? मला आठवावं लागलं. ती गप्प बसली तेव्हा मी घाईघाईने पुढचा प्रश्न विचारला होता, कारण ती शांतता मलाच सहन झाली नव्हती. बाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी थांबून बघ." पुढच्या वेळी मी थांबले. बराच वेळ भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग ती बाई नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायला लागली. आधीच्या चार भेटींत तो विषय निघालाच नव्हता.

याच वस्तीतली एक विधवा बाई. तिला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मासिक साहाय्य मिळेल, अर्ज भरूया, असं सांगायला मी उतावीळ झाले होते. शनिवारी बाईंना म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती गोव्यात कधी आली?" या योजनेला गोव्यात १५ वर्षं राहिल्याचा दाखला लागतो. ती आली होती लग्नानंतर, आणि भाड्याच्या खोल्या बदलत राहिल्यामुळे हातात सलग कागद एकही नाही. आम्ही दोघी आधी मामलेदार कार्यालयात गेलो, काय काय चालतं ते विचारलं, मुलांच्या शाळेचे दाखले जमवायला घेतले, आणि मगच तिला खरं सांगितलं: वेळ लागेल, कदाचित होणारही नाही, पण प्रयत्न करू. ती म्हणाली, "चलेगा." एका वर्षापूर्वी मी आजीला शब्द देऊन बसले होते. मी तीच मुलगी होते. फरक त्या शनिवारच्या तासाचा होता.

लहान गोष्टीही तिथेच शिकले. कुणाच्या घरात शिरण्याआधी आणि बाहेर पडल्यावर फोन करायचा. बसायचं ते दाराजवळ. घरातला माणूस पिऊन आला तर वाद न घालता उठायचं आणि दुसऱ्या दिवशी परत जायचं. आणि निरोप. सेमिस्टर संपायला चार आठवडे असताना बाई म्हणाल्या, "आता प्रत्येक घरी सांगायला लाग की तू जाणार आहेस." मी चारही आठवडे सांगितलं. शेवटच्या दिवशी एका घरी मला चहाबरोबर शेंगदाण्याची पोळी मिळाली. रडलं कुणी नाही, वाट बघत बसलेलं कुणी नव्हतं. त्या रात्री बसमध्ये मला आजी आठवली आणि पहिल्यांदा कळलं की तिच्या बाबतीत माझं नक्की काय करायचं राहून गेलं होतं.

तुमच्यातले काहीजण म्हणतील, हे सगळं मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थांना परवडतं. म्हणून गोव्यातलंच उदाहरण देते. 'संगाथ' या इथल्या संस्थेने नैराश्याच्या आणि चिंतेच्या आजारावर केलेला 'मानस' हा अभ्यास २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गोव्यातली १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने त्यात होते. रुग्णांशी बोलणाऱ्या मुली इथल्याच पदवीधर होत्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या. त्यांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं, त्यांच्या पाठीशी तज्ज्ञ ठेवले, आणि सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांमध्ये त्याचा फरक दिसला. त्याच संस्थेच्या पुढच्या कामात अशा समुपदेशकांनी एकमेकांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणं ऐकून एकमेकांना गुण देण्याची पद्धतही वापरून पाहिली. म्हणजे प्रत्येक वेळी वरिष्ठ तज्ज्ञच हवा असंही नाही. काम झाल्यावर त्या कामाबद्दल नियमाने, कुणाबरोबर तरी बसून बोलायला हवं. जग ज्यातून शिकतं, ते गोव्यात झालं आहे, आणि गोव्यातलीच समाजकार्याची मुलगी फाईलींना पंच मारत बसते.

पंच मारायला माझी ना नाही. ऑफिसचं काम हेही काम आहे, ते आम्हाला आलंच पाहिजे. पण पूर्ण सेमिस्टर तेवढंच? माझ्या वर्गातल्या एकीला कार्यक्रमांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचं काम दिलं होतं. त्या फोटोंत आश्रयगृहातली मुलं होती, चेहरे उघडे. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करतं, हे तिला दुसऱ्या वर्षी वर्गात कळलं. ती रात्रभर झोपली नाही. आपण नकळत कुणाचं किती नुकसान केलं, याचा हिशेब लावत राहिली. तिला फोटो काढायला सांगणाऱ्यालाही बहुधा ते कलम माहीत नसावं. ती मात्र त्या वेळी एकोणीस वर्षांची होती आणि तिच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं.

तुमची अडचण मला दिसते. अनुदान उशिरा येतं. एका माणसावर तिघांचं काम असतं. कॉलेज एक पत्र पाठवतं आणि सहा मुलं तुमच्या गळ्यात घालतं, ना तुम्हाला विचारलेलं असतं, ना तुमच्या वेळेचं काही मोल दिलेलं. त्यामुळे हे पत्र जितकं तुम्हाला आहे तितकंच आमच्या महाविद्यालयांनीही वाचावं. शिकवणाऱ्या बाईंना वर्गाचे तास मिळतात, पगार मिळतो. संस्थेत बसून आम्हाला खरं शिकवणाऱ्या बाईंना वर्षाअखेरीस एक प्रमाणपत्र आणि पुष्पगुच्छ मिळतो. त्यांना रीतसर मानधन द्या, वर्षातून दोनदा बोलावून विद्यार्थी कसा घडवायचा यावर त्यांच्याशी बोला, आणि जिथे एक तास देणारं कुणी नाही तिथे मुलं पाठवू नका. जागा कमी पडल्या तर एका संस्थेत दोघांनाच पाठवा, पण सांभाळून पाठवा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटचं गणित आलं आहे, फिल्डवर्कच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात ३० तास. त्या ३० तासांत किती तास मार्गदर्शनाचे, हे अभ्यासक्रमाच्या कागदावर आकड्यात लिहा. आकडा लिहिला नाही तर तो तास कधीच होत नाही, हे मी तीन वर्षं पाहिलं आहे.

आणि आम्ही? आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. आमच्यातले काहीजण उशिरा येतात, दुपारीच निघून जातात. सबमिशनच्या आदल्या रात्री सहा भेटींचं जर्नल एका बैठकीत लिहिलं जातं, एकाचं बघून दुसऱ्याने. तुमच्या संस्थेतली माणसं आम्हाला विश्वासाने आपलं सांगतात आणि आम्ही ते बसमध्ये मोठ्याने बोलतो. हे मी पाहिलं आहे, पहिल्या वर्षी केलंही आहे. असं करणाऱ्याला तुम्ही सरळ परत पाठवा. मूल्यमापनाच्या कागदावर सगळ्यांना 'उत्तम' लिहिता, ते लिहू नका. माझ्या सुपरवायझर बाईंनी मला 'ऐकण्यात घाई करते' असं लिहिलं होतं. माझ्या सगळ्या कागदांत मी जपून ठेवलेला कागद तो एकच आहे.

तर मागणं एवढंच. विद्यार्थी येण्याआधी तुमच्या माणसांपैकी एकाचं नाव ठरवा. तो माणूस कोण, हे पहिल्या दिवशीच आम्हाला सांगा. वस्तीत काही घडलं, कुणी मारहाणीबद्दल सांगितलं, एखादं मूल काही बोललं, तर रात्री कुणाला फोन करायचा तो नंबर द्या. आणि आठवड्यातला एक तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आमच्या डायरीसाठी ठेवा. तुम्हाला आमचं लिहिलेलं आवडलं नाही तर रेघा ओढा. एखादा शनिवार तुमच्या मीटिंगमुळे गेला तर हरकत नाही, पण पुढचा जाऊ देऊ नका. ज्या सरकारी आस्थापनांत आम्हाला यायला परवानगी लागते, त्यांनी ती सेमिस्टर सुरू व्हायच्या आत द्यावी. एकदा आमचं परवानगीचं पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहिलं आणि हाती आलं तेव्हा सेमिस्टरचे सहा आठवडे उरले होते. सहा आठवड्यांत माणूस आपल्याला नाव सांगतो, त्यापलीकडे फार काही सांगत नाही.

जूनमध्ये पहिल्या वर्षाची नवी मुलं तुमच्याकडे येतील. भिजलेल्या छत्र्या, हातात कॉलेजचं पत्र, कुणाला भेटायचं हे माहीत नसलेली. त्यांच्यातल्या एखादीला त्याच दिवशी कुणीतरी विचारेल, "बाये, तूं परत येतली मगे?" तिने काय उत्तर द्यायचं, हे त्याच आठवड्यात तिच्यासमोर बसून तिच्याशी बोला.

आपली,
समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी
सत्तरी, गोवा